पारूआत्याचा डावा हात

विडी घरकुल, कुंभारी
४ ऑगस्ट २०२५

ती. पारूआत्या,

पंचमी करून तुझ्याकडून आले त्याला आज सहा दिवस झाले. पोचल्याचा फोन मी लगेच केला होता. तू तिकडून "कोन? कुठली उत्कर्षा?" करत राहिलीस आणि मी इकडून ओरडत राहिले. शेवटी आमच्या सगळ्या गल्लीला मी सुखरूप पोचल्याचं कळलं, तुला तेवढं कळलं नाही. अप्पा म्हणाले, "अक्काला कान न्हाईत, पन डोळं हायती की. पत्र लिही." म्हणून मुकाट्यानं लिहायला बसले.

मी काय काम करते ते एकदा नीट सांगते, कारण तू केराबाईंना "आमची पोरगी पत्ते छापती" असं सांगितलंस आणि इथे अप्पांनी साऱ्या घरकुलात "कार्डं बनवती" म्हणून सांगून ठेवलंय. परवा एक गृहस्थ मुलाची लग्नपत्रिका करून मागायला आले होते. तर, पुण्यात एक कंपनी आहे आणि ती एक खेळ काढते आहे. पत्त्यांसारखाच, पण प्रत्येक पत्त्यावर वेगळं चित्र. राक्षस, उडते किल्ले, जादूगार, तीन डोक्यांचे घोडे. ही चित्रं मी घरी बसून कंप्युटरवर पेनानं काढते. हाताला रंग लागत नाही एवढंच, बाकी मेहनत तीच. शाळेतली चित्रकलेची नोकरी मी जूनमध्ये सोडली ती याच्याच जिवावर. माझी बारा चित्रं पसंत पडली, तर खेळाबरोबर जी कादंबरी निघणार आहे तिचं मुखपृष्ठही मलाच मिळणार. दुकानात मांडलेलं पुस्तक, आणि वरचं चित्र माझं. लहानपणापासून मला दुसरं काही नकोच होतं, हे तुला माहीत आहे.

आता तुझ्या हाताचं. बारांतलं एक चित्र अंगारिकेचं आहे. अंगारिका म्हणजे आगीची जादूगारीण. तिच्या तळहातावर आगीची तबकडी फिरत असते. असली चित्रं जगात हजारो आहेत आणि सगळ्यांत बाई हात असा धरते, जणू चहाचा ट्रे घेऊन निघाली आहे. मला ते नको होतं. मला एकदम आठवलं, थापलेली भाकरी तू डाव्या हातावर उचलून तव्यावर टाकतेस, तेव्हा ती क्षणभर बोटांवर तोललेली असते. म्हणून तुला चुलीपुढे बसवून तसले दीडशे फोटो काढले. तू आधी उजवा हात पुढे केला होतास. मी डावाच म्हटल्यावर तू जराशानं पदर खोचलास. सहा बोटांवर तोललेली ती भाकरी फार सुंदर दिसते, आत्या. कच्चं चित्र पाठवलं आणि तिथले आमचे मुख्य, अभिमन्यू सर, म्हणाले की पोझ अफलातून आहे.

चित्र बाहेर येईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही असा करार आहे. म्हणून मोबाइलवर पाठवत नाही. रागावू नकोस.

तुझी
उत्कर्षा


मैंदर्गी
१३ ऑगस्ट

चि. उत्कर्षा,

पत्र मिळालं. पोस्टमन तीनदा उलटून बघत होता. म्हणाला, "आजी, हल्ली फक्त बँकेची येतात."

फोनवर मी बहिरी नाही. तूच तोंडात घास धरल्यासारखी बोलतेस.

माझा हात चित्रात येणार हे बरं की वाईट ते मला अजून कळलेलं नाही. पण येणारच असेल, तर बोट नीट काढ. करंगळीला लागून आहे, जरा आत वळलेलं, नख छोटं. घाईघाईत काढलंस तर बघणाऱ्याला वाटेल तुझंच चुकलं. अंगारिकेला साडी कुठली नेसवलीस? माझी ती पंचमीची हिरवी नको, तिला पदरावर डाग आहे.

शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या तुझ्या अप्पासाठी एसटीनं पाठवते आहे. सगळ्या तूच खाऊ नकोस.

आत्या


कुंभारी
३० ऑगस्ट

ती. आत्या,

भाकऱ्या पोचल्या. अप्पांना चार मिळाल्या.

माझं डोकं फिरलंय. फोनवर सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण ओरडावंसंच वाटतंय.

तुला वाटतं चित्र काढलं की झालं. तसं नसतं. चित्र पाठवायचं, मग तिकडून बदल येतात, मग पुन्हा पाठवायचं. अंगारिकेचे आतापर्यंत सात वेळा बदल आले. पहिल्यांदा म्हणाले वय कमी करा. मी तुझ्या कपाळाच्या आठ्या ठेवल्या होत्या, कारण चुलीपुढे बसणाऱ्या बाईला त्या असतातच. त्या गेल्या. मग म्हणाले नाक सरळ करा. तुझं नाक गेलं. मग साडीत ती लढाऊ वाटत नाही, म्हणून साडी गेली आणि चिलखत आलं. चिलखत आल्यावर म्हणाले कंबर दिसत नाही, म्हणून पोटावरचं चिलखत गेलं. लढाईला निघालेली बाई पोट उघडं टाकून का जाईल, असं मी विचारलं. उत्तर आलं, "अजून थोडं भव्य करा." भव्य म्हणजे काय हे त्यांनाही सांगता येत नाही. केस उडवले की भव्य, मागे डोंगर पेटवला की भव्य. पेटवला डोंगर.

आता त्या चित्रात तुझं म्हणावं असं काही उरलेलं नाही. फक्त डावा हात. त्याला मी कुणाला बोट लावू दिलेलं नाही. तू सांगितलंस तसंच आहे सगळं, जरा आत वळलेलं, नख छोटं. तबकडीचा उजेड वरून पडतो तेव्हा सहा बोटांच्या सहा सावल्या मनगटावर येतात. त्या सावल्यांवर मी दोन दिवस घालवले. बाकी चित्र त्यांचं झालं, तेवढा हात माझा आहे. म्हणजे तुझा.

उत्कर्षा


मैंदर्गी
१० सप्टेंबर

चि. उत्कर्षा,

आठ्या गेल्या त्याचं तुला एवढं वाईट का वाटतं? मला कुणी फुकट काढून दिल्या तर मी नको म्हणणार नाही. नाकाचं मात्र त्यांनी चुकवलं. आमच्या घराण्यात नाक हे एकच बघण्यासारखं आहे.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा आई माझ्या हातात पोह्यांचं तबक द्यायची, मोठं. डावा हात तबकाखाली आणि वर पदर, असं चारदा घोकून घ्यायची. लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सासूनं हात बघितला. त्यानंतर पंगतीत मला कधी वाढू दिलं नाही. सासू गेली, तुझे आतोबा गेले, तरी हात आपला पदराखाली. सवयच लागली. माझ्या भाकऱ्या एवढी वर्षं बाजारात कोण विकतं? केराबाई. मी घरात थापते, ती बाहेर बसते. लोक समजतात भाकऱ्या तिच्याच.

तर गेल्या बाजारी मी स्वतः जाऊन बसले. केराबाई म्हणाली, "एन पारव्वा, काय गं, आज सूर्य कुटं उगवला?" मी सरळ सांगितलं की माझ्या भाचीनं माझा हात चित्रात काढला आहे, तो पुस्तकावर न् पत्त्यांवर छापून येणार आहे, तर मी तो कशाला झाकू? उजव्या हातानं मोजून दिल्या आणि डाव्या हातानं गुंडाळल्या, सगळ्यांसमोर. एका लहान मुलीनं बोटं मोजली आणि तिच्या आईनं तिला चापट मारली. मी म्हटलं, मोजू दे की.

तुझा करार मी मोडला हे लक्षात आहे माझ्या. चित्र दाखवलेलं नाही, नुसतं सांगितलं आहे. तेवढं चालत असावं.

आत्या


कुंभारी
२१ सप्टेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी आईला वाचून दाखवलं. ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. त्याच दिवशी जे झालं ते मात्र कुणालाच वाचून दाखवलं नाही.

कंपनीनं छपाईआधी काही खेळाडूंना चित्रं दाखवली. त्यांतल्या एकानं अंगारिकेच्या हाताभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं, "सहा बोटं. यंत्रानं काढलेलं चित्र." मग त्याच्याखाली पन्नास जणांनी तेच लिहिलं. तुला कळावं म्हणून सांगते. हल्ली काय हवं ते नुसतं लिहिलं की यंत्र चित्र काढून देतं. ती यंत्रं बोटांत चुकतात, कधी सहा काढतात, कधी चार. त्यामुळे आता लोक चित्र बघत नाहीत, आधी बोटं मोजतात. आणि अभिमन्यू सरांचं पत्र आलं, की हे चित्र मी यंत्राकडून काढून घेतलं आहे का, ते लेखी कळवावं.

मी, आत्या. जिनं तुझ्या बोटांच्या सावल्यांवर दोन दिवस घालवले.

चार तास बसून एकेक गोष्ट शोधून काढली. मग सगळं पाठवून दिलं. पहिल्या रेघेपासूनची कच्ची चित्रं, रंगांचे सगळे थर, काम करतानाचं चित्रीकरण. तुझे फोटोही पाठवले, हाताचे, जवळून घेतलेले. खाली लिहिलं, "ही माझी सख्खी आत्या. मोजून घ्या."

बोट राहणार. तू बाजारात सगळ्यांना सांगितलं आहेस आणि ते खोटं ठरणार नाही, हे मी तुला सांगून ठेवते.

उत्कर्षा


मैंदर्गी
१ ऑक्टोबर

चि. उत्कर्षा,

यंत्राचं मला फारसं कळलं नाही. एवढं कळलं की तू केलेलं काम तू केलंस यावर त्यांचा विश्वास नाही. तसं असतंच. केराबाईच्या जागी मी बसले, तर तीन गिऱ्हाइकं म्हणाली की नेहमीच्या भाकऱ्या बऱ्या होत्या.

माझे फोटो तिकडं कुणी कुणी बघितले? तू लिहिलंस त्यावरून वाटलं एकट्या साहेबानं. की त्या पन्नास जणांनीही? हे जरा कळव.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. दिवाळीला ये. तोवर पत्ता छापून झाला असेल तर घेऊन ये. दर बाजाराला कुणी ना कुणी विचारतं. सोमलिंग पानवाला म्हणाला, "मावशी, तुमचा पत्ता मी गल्ल्यावर लावनार बगा." मी त्याला हो म्हटलं आहे.

आत्या


कुंभारी
२ नोव्हेंबर

ती. आत्या,

दिवाळीला येणं झालं नाही. कामं फार होती. अप्पांनी फराळ पोचवला असेलच.

छपाई लांबली आहे. नक्की कधी ते कळलेलं नाही. कळलं की कळवते.

तब्येतीला जप. थंडीत चुलीपुढून एकदम उठून बाहेर जात जाऊ नकोस.

उत्कर्षा


मैंदर्गी
१२ नोव्हेंबर

उत्कर्षा,

छपाई लांबलेली नाही. केराबाईचा पुतण्या शिवानंद सोलापूरला मोबाइलच्या दुकानात असतो. त्यानं पत्त्यांचं पाकीट विकत घेतलं आणि त्यात नेमकी अंगारिका निघाली. बाजारच्या दिवशी तो धावत आला. "पारूमावशी, तुमी आलाव बगा."

मी चष्मा लावायच्या आत पत्ता सगळीकडं फिरला. सोमलिंग दुकान सोडून आला. केराबाईनं बोटं मोजली. मग पुन्हा मोजली आणि म्हणाली, "हे तुझं न्हाय गं. ही पाचाची हाय." शिवानंद म्हणाला, "असं कसं, नाव तर अंगारिकाच हाय." मग सगळे माझ्या हाताकडं आणि पत्त्याकडं, माझ्या हाताकडं आणि पत्त्याकडं बघायला लागले. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी दोन शब्द सुनावले असते. सोमलिंग म्हणाला, "जाऊ द्या मावशी, लहान चित्रात मावलं नसंल." तो भला माणूस आहे.

उरलेला बाजार मी उजव्या हातानंच केला.

जिथं बोट होतं तिथं एक ज्वाळ काढलेली आहे. छान काढली आहे. माहीत नसलेल्याला कळणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ती कुणी काढली.

आत्या


कुंभारी
१७ नोव्हेंबर

ती. आत्या,

मी काढली.

सगळं सांगते. माझे पुरावे बघून अभिमन्यू सरांचा फोन आला होता. सुरुवात फार चांगली केली. म्हणाले, "तुम्हीच काढलंय, शंकाच नाही. आत्यांचे फोटो बघून आम्ही थक्क झालो." मी सुटकेचा श्वास टाकते आहे तोवर पुढचं वाक्य आलं, "पण आता ते बोट काढून टाका." मी विचारलं का. म्हणाले, "आम्हाला माहीत आहे हो. खेळणाऱ्यांना कुठे माहीत आहे? प्रत्येक पत्त्याखाली टीप छापायची का, की चित्रकर्तीच्या आत्याला खरंच सहा बोटं आहेत?"

मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, खोटं असतं तर काढलं असतं, खरं आहे तर का काढू? ते म्हणाले, खरं दिसलंही पाहिजे. चोवीस तासांत बदल आला नाही तर दुसऱ्याकडून करून घेऊ, आणि मग मुखपृष्ठाचंही बघावं लागेल.

मुखपृष्ठ म्हटल्यावर मी भांडायचं थांबवलं. शाळेची नोकरी सोडलेली आहे. अप्पांनी कर्ज काढून कंप्युटर घेऊन दिलाय. मी विचार केला की दुसऱ्या कुणी तुझा हात बिघडवण्यापेक्षा मीच नीट करावं. हे कारण मला त्या वेळी पटलं होतं. पाच मिनिटं लागली, आत्या. सावल्यांना दोन दिवस लागले होते आणि बोट पाच मिनिटांत गेलं. सहावी सावली पुसायची राहिली आहे. मनगटाशी नीट बघ, पत्त्यावर आहे अजून. ती मुद्दाम ठेवली असं तुला सांगावंसं वाटतंय, पण खरं म्हणजे मी विसरले.

तुझे फोटो सरांशिवाय तिघांनी बघितले. ते पन्नास जणांपर्यंत गेले नाहीत.

तुला कळवायचं धाडस झालं नाही. दिवाळीला त्याचसाठी आले नाही. मला माफ कर.

उत्कर्षा


मैंदर्गी
२८ नोव्हेंबर

उत्कर्षा,

दहा दिवस पत्र हातात घेऊन बसले. रागात लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राग जात नाही, तेव्हा रागातच लिहिते.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या बापानं मला अक्कलकोटला डॉक्टरकडं नेलं होतं, बोट काढायला. तुझा अप्पा तेव्हा पाळण्यात होता, त्याला हे माहीत नाही. डॉक्टर म्हातारा होता. हात उलटासुलटा बघितला, बोट हलवून बघितलं आणि बापाला म्हणाला, "काढतो, सोपं आहे. पण हिला विचारलंय का?" बाप म्हणाला, "तिला काय इचारायचं, लेकरू हाय." डॉक्टरनं ऐकलं नाही. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "बाळ, हे काढू का ठेवू?" मी म्हटलं, राहू द्या. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. परत येताना बापानं मला चालत आणलं अर्ध्या वाटेपर्यंत.

त्यानंतर बावन्न वर्षं मी ते झाकलं, हे खरं आहे. पण ते असावं हे मी सांगितलेलं होतं. माझी शाळा सोडवली तेव्हा कुणी मला विचारलं नाही. लग्न कुणाशी करायचं, राहायचं कुठं, केराबाईनं बाजारात बसायचं की मी, काहीच मला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारून झालेली एवढी एकच गोष्ट आहे माझ्या अंगावर.

तुला चोवीस तास दिले होते म्हणतेस. माझ्या शेजारी शिवानंदच्या आईकडं फोन आहे. तिला चांगलं ऐकू येतं.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, की तुझी अडचण होती. असेल. अडचण डॉक्टरचीही होती, त्याला पुढचे पेशंट होते.

आत्या


कुंभारी
९ डिसेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र आल्यापासून मला धड जेवण गेलं नाही. तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तुला विचारायला हवं होतं.

पण आता मी ते निस्तरलं आहे.

गेल्या आठवड्यात मुखपृष्ठाचं काम आलं. मलाच दिलं होतं त्यांनी. कादंबरीच्या मुखपृष्ठावर अंगारिका, एकटी, पानभर, हात पुढे केलेला. म्हणजे हात पत्त्यावरच्यापेक्षा दहापट मोठा दिसणार. मी त्यांना सरळ लिहिलं की डाव्या हाताला सहा बोटं असतील तरच हे चित्र काढीन, आणि पुस्तकाच्या आत माझ्या नावाखाली तुझंही नाव हवं, हात कुणाचा ते सांगणारं. अभिमन्यू सरांचा फोन आला, समजावत होते. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, एकदा कापलं ते पुरे, पुन्हा कापणार नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं की मुखपृष्ठ दुसऱ्याला दिलं आहे. पुढच्या संचातली चित्रंही आता माझ्याकडे नाहीत.

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते शाळेत परत विचारून बघ. शाळेनं माझ्या जागी माणूस घेतला आहे. रोज सकाळी कंप्युटर उघडते आणि नुसती बसते. राग येतो तो कुणावर काढावा तेही कळत नाही. त्या लाल गोल काढणाऱ्याला मी ओळखतही नाही.

पण तुझ्यापुढे आता मला मान खाली घालावी लागणार नाही, एवढं समाधान आहे. तुझ्या बोटासाठी मी मुखपृष्ठ सोडलं, आत्या. बाजारात हे सगळ्यांना सांग.

तुझी
उत्कर्षा


मैंदर्गी
२० डिसेंबर

चि. उत्कर्षा,

बाजारात सांगणार नाही. गेले तीन बाजार मी गेलेलीच नाही. भाकऱ्या केराबाई घेऊन जाते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की तू माझ्यासाठी केवढं केलंस. दुसऱ्यांदा वाचताना चुलीवरची भाकरी करपली.

तुझा अप्पा मला फोन करून रडला. मला अर्धंच ऐकू आलं, पण रडणं ऐकू येतं. तू लहानपणी माझ्या भिंतीवर कोळशानं पुस्तकं काढायचीस, वरती नाव लिहून, ते मला आठवतं. ते हातात आलेलं तू सोडून दिलंस आणि मला लिहितेस की तुझ्या बोटासाठी सोडलं. आता घरात जे काही होईल ते माझ्या बोटामुळं झालं असं होणार. तुझा बाप तोंडानं म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी मी तुमच्याकडं आले की तो माझ्या हाताकडं बघेल. माझी सासू बघायची तसं.

हे ओझं मी तुझ्याकडं मागितलं होतं का?

फोटो पाठवलेस तेव्हा विचारलं नाहीस. बोट काढलंस तेव्हा विचारलं नाहीस. मागच्या पत्रात मी तेवढं एकच सांगितलं, ते तू शब्द न् शब्द खरं म्हणालीस, आणि लगेच पुन्हा न विचारता काम सोडून आलीस. बोट माझं आहे. कापायचं ते तू ठरवलंस, वाचवायचं तेही तूच ठरवलंस. यात मी कुठं आहे, ते मला दाखव.

उद्या सकाळी त्या साहेबाला फोन कर, पाया पडावं लागलं तर पड, असं मी म्हणेन असं तुला वाटत असेल. किंवा शाब्बास म्हणेन असं वाटत असेल. यांतलं मी काहीच म्हणणार नाही. तुझं काम तुझं आहे. ते तू तुझ्या मनाला विचारून धर नाहीतर सोड, माझं नाव त्यात घालू नकोस.

आणि त्या दिवशी, त्या चोवीस तासांत तू मला विचारलं असतंस, तर मी काढून टाक म्हटलं असतं की राहू दे, ते मला माहीत आहे. तुला मात्र आता मी ते कधी सांगणार नाही.

आत्या